रिकामे खाने चांगले दिसत नाहीत

ज्या शनिवारी महाविद्यालयातल्या डिजिटल कक्षाचं उद्घाटन झालं, त्या शनिवारी मी तुमसरला गेलो होतो. तुमसरला माझं काही काम नव्हतं. पण भंडाऱ्यात सापडलो असतो तर मला शाल पांघरून उभं केलं असतं, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात शाल पांघरून हसणं मला अजून जमलेलं नाही.

मी कारध्याला राहतो. पूल ओलांडून रोज भंडाऱ्यात येतो आणि तीन-चार संस्थांचे संगणक सांभाळतो. कुठंच कायम नाही. काही चाललं तर ते आपोआप चालतं आणि बंद पडलं तर मी बंद पाडलेलं असतं, एवढं माझं स्थान पक्कं आहे.

डिजिटल कक्ष म्हणजे मागच्या इमारतीतली खालची खोली. आत एक लोखंडी कपाट, कपाटात सर्व्हर. हा सर्व्हर पाच वर्षांपासून विनातक्रार चालू होता. नवीन होती ती दारावरची पितळी पाटी. पाच वर्षं चालू असलेल्या यंत्राचं उद्घाटन कसं करतात, हा प्रश्न मला पडला होता. पण असे प्रश्न विचारले की आपण कार्यक्रमाच्या विरोधात आहोत असं धरतात, म्हणून मी तुमसरची बस पकडली.

सोमवारी सकाळी भूगोलाच्या मॅडमचा फोन आला.

"अहो सर, माझे दोन वर्षांचे तलाव गेले."

मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी आसपासच्या गावांतल्या तलावांचं आणि बोड्यांचं, म्हणजे शेतांतल्या छोट्या तळ्यांचं, पाणी मोजतात. दर पंधरवड्याला जायचं, खांबावरची पातळी लिहायची, फोटो काढायचा, पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत आधी गेलं ते गावकऱ्यांना विचारायचं. हे सगळं आमच्या सर्व्हरवर ठेवलेलं असतं. आता त्यात दोन वर्षांपूर्वीपर्यंतच्या नोंदी नीट होत्या. त्यानंतरचं एक अक्षर नव्हतं, एक फोटो नव्हता.

"गेलेल्या पावसाळ्याचं पाणी मी आता कुठून मोजू?" त्या म्हणाल्या.

मी पोचलो तेव्हा प्राचार्यांच्या खोलीत प्रयोगशाळा परिचर उभा होता. पंचेचाळिशीचा माणूस, चौदा वर्षांपासून इथं कामाला, आणि चौदा वर्षांपासून अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर. डिजिटल कक्षाची किल्ली त्याच्याकडे असायची. रोज सकाळी तो मला "जयभीम सर" म्हणायचा आणि वर "आज काय मोडून राहिले?" असंही विचारायचा. त्या दिवशी त्याची नजर टेबलावरच्या कागदावर होती.

"हा घातपात आहे," प्राचार्य म्हणाले. त्यांना मोठे शब्द आवडतात. स्टेपलर हरवला तरी ते चौकशी समिती नेमतात. "दोन वर्षांचाच भाग नेमका जातो, बाकी सगळं राहतं. यंत्र असं निवडून बिघडत नाही. माणूस निवडतो."

वाईट हे की त्यांचं म्हणणं मला पटलं. डिस्क बिघडली तर ती कशीही बिघडते, तारीख बघून बिघडत नाही.

टेबलावर एक पत्र टाइप होऊन तयार होतं. 'हेतुपुरस्सर', 'संस्थेची अपरिमित हानी' वगैरे. गुरुवारी व्यवस्थापन समितीची बैठक होती. परिचराचा अकरा महिन्यांचा आदेश त्याच बैठकीत पुढं वाढायचा होता, किंवा त्या पत्रासकट संपायचा होता.

"तुम्ही फक्त गुरुवारपर्यंत एवढं लिहून द्या की कोणी मिटवलं," प्राचार्य मला म्हणाले.

"मी आधी काय झालं ते पाहतो," मी म्हणालो.

"तेच ते."

मी परिचराकडे वळलो. "भाऊ, तुम्ही काही मिटवलं का?"

"नाही जी."

"शनिवारी-रविवारी खोलीत कोणी गेलं होतं?"

"शनिवारी अख्खं कॉलेज गेलतं. रविवारी मी गेलतो. झाडू मारायले."

प्राचार्यांनी माझ्याकडे 'पाहिलंत?' अशा अर्थानं पाहिलं. झाडू मारणं हा त्या क्षणी गुन्ह्याचा भाग झाला.

हेही सांगून टाकतो की त्या सकाळी माझाही संशय त्याच्यावरच होता. ऑगस्टमध्ये त्याचं आणि मॅडमच्या विद्यार्थ्यांचं जोरात वाजलं होतं. मुलं तलावावरून यायची ती पायाला गाळ घेऊन, आणि तशीच सर्व्हरच्या खोलीत शिरायची. "तलाव मोजून राहिले का उचलून आणून राहिले?" असं तो त्यांना म्हणाला होता. मॅडमनी त्याची लेखी तक्रार केली होती. कारण होतं, किल्ली होती, रविवार होता. इतक्या सोयीचा संशयित मिळाल्यावर डोकं कोण चालवतो? संशय तसाही जिने चढायचा कंटाळा करतो. तळमजल्यावरच कोणीतरी शोधतो.

सर्व्हरमधल्या डिस्क सांभाळायला एक व्यवस्था असते. कोणती डिस्क कुठली, तिच्यावर किती जागा, ती जागा कुणाला दिली आहे, याचं रेकॉर्ड ही व्यवस्था ठेवते. गावात तलाठी ठेवतो तसंच. या तलाठ्याला प्रश्न विचारायची काही साधनं असतात. आज्ञा लिहायची आणि उत्तर वाचायचं. मी सर्वांत साधी आज्ञा लिहिली: सगळ्या डिस्क दाखव.

साधन सेकंदभर थांबलं आणि कोसळलं. पडद्यावर दोन शब्द आले, 'सेगमेंटेशन फॉल्ट'. त्याचा अर्थ एवढाच की मी मेलो, का ते विचारू नका. पुन्हा लिहिलं, पुन्हा मेलं. दुसरी आज्ञा, तिसरी आज्ञा, सगळ्यांचा शेवट तोच. बाकी सर्व्हर खुशाल चालू होता. फक्त डिस्कबद्दल विचारलं की तलाठी चक्कर येऊन पडत होता.

आता माझा संशय डळमळला. कोणी फाइली मिटवल्या असतील तर ते साधन कशाला कोसळेल? आणि हे काम परिचराला येत असेल तर मग तो अकरा महिन्यांच्या आदेशावर का आहे?

मंगळवारचा दिवस मी स्वतःवर संशय घेण्यात घालवला. महिन्याभरापूर्वी मीच सर्व्हरवर काही सुधारणा चढवल्या होत्या. त्या उतरवल्या. साधन कोसळलं. साधन काढून पुन्हा बसवलं. कोसळलं. मेमरीची पट्टी खराब असेल म्हणून एकेक करून तपासली. पट्ट्या चांगल्या होत्या. दुपारी सर्व्हर विकणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडच्या गोड आवाजानं मला सगळं ऐकून न घेता सांगितलं की व्हॉल्यूम, म्हणजे माहितीची सगळी जागा, पुसून नव्यानं तयार करा, वीस मिनिटांत होऊन जाईल.

"आणि डेटा?"

"बॅकअप असेल ना सर तुमच्याकडे?"

मी फोन ठेवला. दुर्दैवानं तो स्पीकरवर होता आणि प्राचार्य दारात उभे होते.

"वीस मिनिटांत होतंय तर दोन दिवस काय करताय?" ते म्हणाले. "नाही तरी ते दोन वर्षांचं गेलेलंच आहे."

"गेलंय की दिसत नाही, हे अजून मला माहीत नाही."

"त्यात फरक काय?"

फरक एका माणसाच्या नोकरीएवढा होता. पुसून नवं केलं असतं तर काय झालं होतं ते कायमचं कळलं नसतं, आणि टाइप केलेलं पत्र तेवढं खरं ठरलं असतं. प्राचार्यांना इतकी घाई का, असंही तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं. शनिवारपर्यंत त्यांना या खोलीत साप निघाला तरी घाई नसायची.

परिचर चहा घेऊन आला. कप ठेवला आणि तिथंच उभा राहिला.

"सर, तुमालेबी वाटते का मी केलं म्हणून?"

"मला अजून काहीच वाटत नाही."

"वाटते तुमाले," तो म्हणाला. "रोज चहात साखर कमी हाय म्हणता. आज काही म्हटलं नाही."

बुधवारी मी साधनाला सांगितलं की बाबा, मरायच्या आधी जे काही करतोस ते ओळीओळीनं सांगत जा. ही सोय असते. उत्तर शेकडो ओळींचं येतं म्हणून आळशी माणसं ती शेवटी वापरतात. मी ती तिसऱ्या दिवशी वापरली. साधन प्रत्येक डिस्कपाशी जात होतं, तिचा ओळख क्रमांक वाचत होतं, पुढं जात होतं. आणि दर वेळी तिसऱ्या डिस्कचा क्रमांक वाचला की त्याच जागी कोसळत होतं.

मी तो क्रमांक कागदावर लिहून घेतला. मग दुसऱ्या डिस्कचा पाहिला. तो तोच होता. बत्तीस अक्षरं, एकही वेगळं नाही.

एकाच गट नंबरचे दोन सातबारे निघावेत असा हा प्रकार. चांगला तलाठी असता तर त्यानं वर कळवलं असतं. आमच्या साधनाची आवृत्ती जुनी होती. तिला अशा दोन डिस्क एकत्र दिसल्या की ती तक्रार न करता मान टाकते, ही तिची जुनी खोड निघाली. आणि सर्व्हर चालू होताना दोघींपैकी जी आधी 'मी' म्हणेल तिलाच खरी मानून मोकळा होतो.

मग माझ्या लक्षात आलं की मी 'तिसरी डिस्क' म्हणतोय. या सर्व्हरला दोनच डिस्क होत्या. पहिलीवर सर्व्हरची स्वतःची यंत्रणा, दुसरीवर सगळ्यांची माहिती. ही तिसरी कुठून आली?

माझं टेबल कपाटाच्या मागच्या बाजूला आहे. तीन दिवस मी यंत्राच्या पोटातलं सगळं वाचत होतो आणि त्याच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. उठून पुढं गेलो. सर्व्हरवर शनिवारचा झेंडूचा हार अजून लटकत होता. दुसऱ्यांच्या समारंभाचा उष्टा हार काढणं हे आपलं काम नाही, असं मानून मी त्याला हात लावला नव्हता. आता काढला. मागे चार खाने आणि चार हिरवे दिवे. आधी दोनच दिवे असायचे.

मी परिचराला हाक मारली.

"भाऊ, या खालच्या दोन डिस्क कोणी लावल्या?"

"मी लावल्या जी."

"कधी?"

"शुक्रवारी. मोठ्या साहेबांनी सांगतलं. म्हणे, उद्या पाहुणे येतीन, फोटो निघन, समोरून दोन खाने रिकामे दिसते. दात पडल्यावाणी. चांगलं दिसत नाही म्हणे, भरून टाक."

"कुठून आणल्या?"

"तुमच्याच अलमारीतून. दोन पडल्या होत्या खोक्यात."

"मग सोमवारपासून सांगितलं काहून नाही?"

त्यानं माझ्या हातातला हार घेतला.

"तुम्ही विचारलं का मिटवलं का म्हणून. मी तं काही मिटवलं नाही. मी तं लावलं."

आता माझ्या अलमारीतल्या खोक्याबद्दल. त्यातली एक डिस्क कोरी होती. दुसरी मीच तिथं टाकली होती. दोन वर्षांपूर्वी सर्व्हरमध्ये एक मोठा बदल करायचा होता, तेव्हा सावधगिरी म्हणून मी माहितीच्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढली होती. नक्कल इतकी हुबेहूब की ओळख क्रमांकही तोच. बदल नीट पार पडला, डिस्क खोक्यात गेली, आणि तिच्यावर 'ही नक्कल आहे, लावू नये' अशी चिठ्ठी लावायचं राहून गेलं. चिठ्ठी लावायला अर्धा मिनिट लागला असता.

आणि नुसती डिस्क खोचून हे झालं नसतं. चालू सर्व्हर तिच्याकडे लक्षही देत नव्हता. पण शनिवारी पाहुण्यांच्या हस्ते कळ दाबायची होती. चालू यंत्राची कळ दाबून काय होणार? म्हणून कार्यक्रमाच्या आधी सर्व्हर बंद करण्यात आला, म्हणजे पाहुण्यांना तो सुरू करता यावा. पाहुण्यांनी कळ दाबली, टाळ्या पडल्या, यंत्र उठलं, त्याला एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क दिसल्या आणि जी आधी बोलली ती दोन वर्षं जुनी निघाली.

हे सगळं जुळत होतं. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नाही. सिद्ध करायचं तर नक्कल काढून सर्व्हर पुन्हा सुरू करायला हवा होता, आणि चौघींपैकी नक्कल कोणती हे खात्रीनं सांगणारा एकच माणूस होता. मूळ आणि नक्कल, दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. धुळीवरून ओळखाव्यात तर सगळ्यांचे दर्शनी भाग फोटोसाठी लख्ख पुसलेले.

"पुसताना पहिल्या दोन बाहेर काढल्या होत्या का? अदलाबदल?"

"नाही जी. वरच्या दोनाले हात नाही लावला. जागच्या जागी पुसल्या. खालच्या दोन तेवढ्या माह्या."

"नक्की?"

"आता मी 'नक्की' म्हटलं तं तुम्ही मानान का?"

तीन दिवस ज्याच्यावर संशय घेतला, त्याच्याच शब्दावर विसंबून आता हात घालायचा होता. मी सर्व्हर बंद केला. तिसऱ्या खान्यातली डिस्क ओढली. चौथ्यातलीही ओढली. दोन्ही त्याच्या हातात दिल्या आणि कळ दाबली. या वेळी टाळ्या वगैरे काही नव्हत्या.

सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. परिचर पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी आज्ञा लिहिली. साधनानं दोन डिस्क दाखवल्या, त्यांची जागा दाखवली, आणि कोसळलं नाही. मॅडमना बोलावलं. त्यांनी स्वतः बसून उघडून पाहिलं. गेलेल्या दोन्ही पावसाळ्यांचं पाणी होतं, अगदी शुक्रवारी दुपारच्या नोंदीपर्यंत. मॅडम परिचराकडे वळल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग मलाच म्हणाल्या, "बरं झालं बाई." तो डिस्क पुसत बसला होता. पुसलेल्याच डिस्क.

प्राचार्यांना बातमी दिली तेव्हा त्यांना आनंद झाला. मग त्यांनी उद्घाटनाचे फोटो उघडायला सांगितले. ते नव्हते. शनिवारी संध्याकाळी ते सर्व्हरवर चढवले गेले होते, म्हणजे नकलेवर, आणि नक्कल आता परिचराच्या हातात होती.

"म्हणजे डेटा गेलाच," प्राचार्य म्हणाले.

फोटो नकलेतून काढून देईन, पण आधी अहवाल, असं मी म्हणालो. अहवालात तीन वाक्यं लिहिली. दोन वर्षांपूर्वी काढलेली नक्कल मी चिठ्ठी न लावता ठेवली. रिकामे खाने भरावेत या प्राचार्यांच्या तोंडी सूचनेवरून परिचरानं ती बसवली. उद्घाटनासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यामुळे जुनी नक्कल चालू झाली, कोणतीही फाइल कोणी मिटवलेली नाही.

प्राचार्यांनी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे समितीपुढं कशाला? 'तांत्रिक कारणास्तव' म्हणा ना."

"मग ते पत्र?"

त्यांनी पत्र उचललं आणि माझ्यादेखत फाडलं. चार तुकडे केले, फारच नीट. "उद्या त्याचा आदेश वाढवून घेतो. मी शब्द देतो."

शब्दावर माझा विश्वास नव्हता, म्हणून आदेश वाढल्याचं लेखी दिसेपर्यंत अहवालावर सही करणार नाही असं मी सांगितलं. गुरुवारी दुपारी आदेश दिसला. अकरा महिने. मग मी दुसरं वाक्य खोडलं आणि सही केली. हे मी अभिमानानं सांगत नाही. त्या दिवशी एक नोकरी वाचवायची होती आणि खरं बोलायचं होतं. दोन्ही होईना, तेव्हा मी नोकरी घेतली.

परिचराला मी खोडलेल्या ओळीसकट अहवालाची प्रत दिली. तो उभ्या उभ्या वाचत होता. दुसऱ्यांदा वाचला.

"सर, तुम्ही आपलं लिहिलं, चिठ्ठी नाही लावली म्हणून. ते बरं केलं. पण याच्यात मी नाही. साहेबबी नाहीत. मग त्या डिस्का काय आपल्या पायानं चालत गेल्या का अलमारीतून?"

"तुमचा आदेश वाढला ना?"

"वाढला. पण आता अकरा महिन्यांनी कोणी विचारलं, का बावा लावल्या कोणं, तं मी काय दाखवू? माह्याजोळ काय हाय?"

त्यानं प्रत घडी करून खिशात ठेवली आणि कक्षाला कुलूप लावलं.

सोमवारी मी गेलो तेव्हा त्याच्या हातात शाळेच्या मुलांची असते तशी शंभर पानी वही होती. सकाळी प्राचार्यांनी त्याला सभागृहात खुर्च्या लावायला सांगितलं होतं. त्यानं वही पुढं केली: इथं लिहून द्या जी, किती खुर्च्या, आणि सही. प्राचार्य रागावले. मग बाहेर पाहुणे थांबलेत हे आठवून त्यांनी लिहून दिलं.

मी कक्षाची किल्ली मागितली.

"देतो ना," तो म्हणाला, आणि वहीचं पुढचं पान माझ्यासमोर उघडलं. "घेतली म्हणून लिहा. वेळ टाका. वापस देतानाबी लिहाजो."

"माझ्याकडूनही?"

"तुम्ही तं लिहिलेलं खोडता, सर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "त्याच्यानं मी पेनानंच लिहून घेऊन राहिलो."

मी वेळ पाहिली, दहा वाजून पाच मिनिटं, आणि सही केली.